फॉर्मवरचं गाव

ऑगस्टच्या नऊ तारखेला, रविवारी, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, एकतीस माणसांच्या देखत माझ्या बाबांचं गाव गेलं.

गाव जागेवरच आहे. तापीच्या काठी, भुसावळहून एस.टी.नं दीड तास, नाव निंबवेल. ते फक्त बाबांचं राहिलं नाही.

आता, आमच्या टाउनशिपच्या मराठी मंडळाच्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे : 'वीज गेल्यामुळे नियोजित कार्यक्रम होऊ शकला नाही.' आमचा कारखाना ट्रान्सफॉर्मर बनवतो. टाउनशिप वसल्यापासून मंडळाच्या हॉलमध्ये वीज गेल्याची ही पहिलीच नोंद. पण शाईनं केलेली आहे, खाली सचिवांची सही आहे. तेव्हा मीही तेच धरून चालतो. त्या रविवारी भोपाळमध्ये काहीही झालेलं नाही.

जे झालेलं नाही ते कळायला आधी एक फॉर्म कळावा लागतो.

कारखान्यात लागताना प्रत्येकाला आपलं 'होम टाउन' लिहून द्यावं लागतं. मग दर दोन वर्षांनी कंपनी सहकुटुंब त्या गावी जाऊन यायचं रेल्वेभाडं देते. साधी गोष्ट. पण १९६३ साली बाबा, म्हणजे नरहर हळबे, त्या खिडकीपाशी उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे पदवी होती, दोन फोटो होते, चारित्र्याचा दाखला होता आणि गाव नव्हतं. ते दोन वर्षांचे असताना आईवडील गेले. काकांनी वाढवलं. काका पोस्टमास्तर, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी बदली. बाबांच्या लहानपणात नऊ गावं आहेत आणि नवांतल्या एकालाही बाबा आठवत नसणार. आडनावात 'कर' असता तरी काही धागा लागला असता. हळबे. या नावावरून कुठंच जाता येत नाही.

खिडकीतला बाबू म्हणाला, "होम टाउन?"

बाबा म्हणाले, "वैसा कुछ नहीं है."

"ऐसा नहीं चलता भाईसाहब. कॉलम खाली नहीं रहना चाहिए."

बाबांच्या खिशात काकांचं ताजं पोस्टकार्ड होतं. त्यावर शिक्का होता निंबवेलचा. बाबांनी तो पाहून नाव उतरवलं. चार महिन्यांनी काकांची तिथूनही बदली झाली. फॉर्मवरची होत नाही. बाबांनी तोवर निंबवेल पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

दुसरा कुणी असता तर हसून विसरला असता. बाबा डिस्पॅचमध्ये होते. मोठमोठ्या खोक्यांवर कुठं जायचं ते रंगवून घेणं हे त्यांचं काम, आणि एकदा रंगवलं की खोकं तिथंच गेलं पाहिजे, हा त्यांचा स्वभाव. १९६५ साली ते एकटेच निंबवेलला गेले, धर्मशाळेत चार नंबरच्या खोलीत आठ दिवस राहिले आणि परत आले. फोरमननं विचारलं, "कैसा है आपका गाँव?"

"नदी है."

"और?"

बाबांना फार लाज वाटली. लिहून दिलंय आणि माहिती नाही, हे काही बरोबर नाही. पुढच्या खेपेला ते दोनशे पानी वही घेऊन गेले.

अशा चौदा खेपा झाल्या. मधे आई आली, मग मी. बाकीच्या पोरांना गावी गेल्यावर आजी, आंबे, विहीर वगैरे मिळायचं. मला चार नंबरची खोली मिळायची. बाबा दिवसभर नगर वाचनालयात जुने अहवाल उतरवत बसायचे आणि मी घाटाच्या पायऱ्या मोजायचो. आई इंदूरची. रामबागेत तिचे चाळीस-एक नातेवाईक, त्यांतले निम्मे कायम रुसलेले. ती बॅग भरताना म्हणायची, "चला बाई तुमच्या गावाला. तिथं काळं कुत्रं ओळखत नाही आपल्याला. झोप काय छान लागते!"

आई सत्त्याऐंशीत गेली. त्यानंतर दोनदा आम्ही दोघंच गेलो. धर्मशाळेच्या रजिस्टरमध्ये 'एकूण माणसे' या रकान्यात बाबांनी दोन्ही वेळा आधी तीन लिहिलं आणि मग खोडलं. व्यवस्थापक म्हणाला, खाडाखोड चालत नाही, सही करा. बाबांनी सही केली.

या नोव्हेंबरच्या तीस तारखेला बाबा निवृत्त होणार. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं. त्यामुळं पन्नाशी उलटली की टाउनशिपमधली सगळी माणसं बाग सेवनियात प्लॉट बघायला जातात, रविवारी टिफिन घेऊन आपापल्या हद्दीच्या दगडांवर बसून येतात. बाबांनी प्लॉट घेतला नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "मला गाव आहे ना."

आणि ते गंमत करत नव्हते, हे मला या वर्षी कळलं. घाटाच्या वरच्या अंगाला दोन खोल्या त्यांनी पाहून ठेवल्या होत्या. मला म्हणाले, "केशव, तुला इथं नोकरी लागली तर तू राहा. मी जातो घरी."

घरी! मी तेवीस वर्षांचा बी.कॉम., नोकरी नसलेला. मला कुठल्याच विषयावर मत द्यायचा अधिकार नाही. मी म्हटलं, "ओके."

जायच्या आधी त्यांना एकच गोष्ट करायची होती. मंडळात 'आपलं गाव' नावाचा कार्यक्रम असतो. दर दोन महिन्यांनी एक सभासद आपल्या गावाबद्दल बोलतो, मग बटाटेवडा. बाबांचं नाव यादीत एकोणीसशे एकोणऐंशीपासून होतं. पण दर वेळी मोठं गाव मधे घुसायचं. पुणं चारदा झालं. सातारा तीनदा, त्यांतलं दोनदा एकाच माणसाकडून. या ऑगस्टात सांगलीचा नंबर होता, पण सांगलीचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि मंडळाचे सचिव मनोहर बिवलकर आमच्या दारात येऊन म्हणाले, "नरहरराव, होऊन जाऊ द्या तुमचं खेडं."

"नगरपालिका आहे," बाबा म्हणाले. "अठराशे एकोणसत्तरपासून."

बिवलकरकाका कारखान्यात पर्सोनेल विभागात आहेत. बाबांची निवृत्तीची फाइल त्यांच्याच टेबलावर. हे आत्ताच सांगून ठेवतो.

रविवारी सहाला आम्ही हॉलवर पोचलो. एव्हाना वह्या चार झाल्या होत्या, बाबांनी चारही घेतल्या होत्या. माणसं एकतीस, त्यांतली सहा-सात उघडउघड वड्यांसाठी. तेवढ्यात नवीन आलेला इंजिनिअर सुभाष फेगडे एका धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आला.

"हळबेकाका, हे आमचे अण्णा. महिनाभर आलेत माझ्याकडे. नोटीस वाचली आणि हट्टच धरला त्यांनी. निंबवेलचेच ना ते! मी सगळा नाशिकला वाढलो, मला काही माहीत नाही."

बाळकृष्ण फेगडे पहिल्या रांगेत मधोमध बसले. बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाणी आण."

मी पाणी आणलं. त्यांनी ते प्यायलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

"बाबा, सगळं खरंच आहे ना तुमच्या वहीत?"

"खरं आहे म्हणूनच."

मग ते बोलायला उभे राहिले आणि मी सांगतो, माझा बाप असं बोलताना मी कधी ऐकला नव्हता. घरी आमच्यात दिवसाला साधारण वीस वाक्यं होतात. इथं ते सव्वा तास बोलले, आणि वही उघडलीच नाही.

घाटाला बावीस पायऱ्या आहेत, पण नगरपालिकेच्या दप्तरी चोवीस. दोन गाळाखाली आहेत. त्या मोजायच्या की नाही यावरून गावात दोन पक्ष, आणि एकदा एक निवडणूक नुसत्या त्या दोन पायऱ्यांवर झाली. चोवीसवाले जिंकले, पण गाळ कुणी काढला नाही, कारण मग पक्षच उरला नसता. पूल नव्हता तेव्हा नाव चालायची. नावाड्याचा दर माणसाला वेगळा, बकरीला वेगळा. नवरदेव लग्नाला जाताना फुकट, येताना मात्र पूर्ण आकार, कारण आता तो कर्ता पुरुष झाला. पुराच्या साली पोस्टमास्तर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यावर चढून बसला आणि तीन दिवस तिथून टपालावर शिक्के मारत राहिला. गाव पाण्याखाली, पण शिक्क्यावर गावाचं नाव कोरडं. वाचनालयाचा पहिला वर्गणीदार कापसाचा एक निरक्षर दलाल होता. दुपारी नदीचा वारा यायचा तिथं. पुस्तक तोंडावर ठेवून झोपायचा, आणि दर आठवड्याला पुस्तक बदलून घ्यायचा.

लोक हसले. वडेवालेसुद्धा हसले. बाबा थांबायचे, हसणं संपू द्यायचे आणि पुढं जायचे. फेगडे अण्णा दर वाक्याला मान डोलवत होते. पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी नावाड्यानं शेवटची फेरी मारली, नावेत दुसरं कुणी नव्हतं, पलीकडे पोचून त्यानं स्वतःचा आकार स्वतःच्या डब्यात टाकला, असं बाबांनी सांगितलं तेव्हा अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझे मामा ते," ते मागं वळून सगळ्यांना म्हणाले. "नाववाले. माझे सख्खे मामा."

बाबांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी लिहीत नाही. झालेलंच नाही ते.

टाळ्या झाल्या. अध्यक्ष सुहासिनीताईंनी विचारलं, कुणाला काही शंका? अशा वेळी कुणालाच शंका नसते, वडे तळून झालेले असतात. पण अण्णा उभे राहिले.

"शंका नाही. भाऊ, तुम्ही सगळं खरं सांगितलं. मी सत्तर वर्षं तिथं काढली, मलाही एवढं माहीत नव्हतं. मी मघापासून तुमचं तोंड बघून राहिलो, पण घराणं काही लागत नाही. कुणाचे तुम्ही?"

हा प्रश्न निंबवेलमध्ये पोस्टमनपासून चोरापर्यंत प्रत्येकाला विचारतात, असं बाबांच्याच दुसऱ्या वहीत आहे.

बाबांना गावातली सगळी घराणी पाठ होती. कुणाचा वंश संपला, कोण सुरतेला गेलं आणि परत आलं नाही, कुणाच्या वाटणीची भिंत अजून अर्धी आहे. एखादं बुडालेलं घराणं उचलून स्वतःला चिकटवायचं, एवढंच होतं. मी तिसऱ्या रांगेतून ओठांनी म्हणत होतो, बाबा, काहीपण सांगा ना यार.

बाबा म्हणाले, "कुणाचा नाही."

"असं कसं?"

"मी तिथला नाही. फॉर्ममध्ये लिहिलं होतं मी. कॉलम रिकामा ठेवता येत नव्हता." मग त्यांनी पोस्टकार्डाचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं. तीन वाक्यांत. त्यांच्या सव्वा तासातला हा एकमेव भाग होता जो त्यांच्याबद्दल होता.

बिवलकरकाका पंख्याकडे बघायला लागले. पर्सोनेलच्या माणसासमोर तुम्ही नोकरीच्या पहिल्या दिवसाचं खोटं सांगून टाकलं की त्याला पंख्याकडेच बघावं लागतं.

अण्णा मात्र एकदम खूश झाले. "म्हणजे पाहुणे की तुम्ही! पाहुण्या माणसानं एवढं जपलं! आमचे पोरं बघा," आणि त्यांनी सुभाषच्या पाठीत एक घातली. "उतरता कुठं मग?"

"धर्मशाळेत. चार नंबर."

"हड! आता यायचं ते आमच्या घरी. पाहुण्याला धर्मशाळेत ठेवतो का आम्ही? काय इज्जत राहील गावाची?"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. एकोणतीस वर्षांत निंबवेलच्या माणसानं बाबांना पहिल्यांदाच निंबवेलला बोलावलं. बाबांनी हात जोडले, "येईन," म्हणाले आणि वह्या उचलल्या. आम्ही वडा न खाता घरी आलो.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या आधी बिवलकरकाका मंडळाची वही घेऊन आले. बसले नाहीत.

"नरहरराव, काल काही झालं नाही."

"झालं की."

"वीज गेली होती."

"कुठं गेली होती?"

"अहो, समजून घ्या ना. होम टाउन खोटं दिलं हे मी ऐकलं असेल, तर मला ते लिहावं लागेल. तुमची फाइल माझ्याकडे आहे. चार महिने राहिलेत तुमचे. म्हणून मी ऐकलेलं नाही. कुणीच ऐकलेलं नाही, मी सगळ्यांशी बोललोय."

बाबांनी वहीतली नोंद बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "ते शेवटचं काढा. बाकीचं तरी ठेवा ना. निदान पायऱ्यांचं."

"पायऱ्या ठेवल्या तर भाषण झालं असं होतं."

"पुराचं?"

"पूरही गेला, नरहरराव." बिवलकरकाकांचा आवाज खरंच वाईट वाटल्यासारखा होता. "सॉरी."

टाउनशिपमधली माणसं फार भली आहेत. एकतीसच्या एकतीस माणसांनी हे मनापासून पाळलं. दूध बूथवर मागच्या रांगेतल्या गोविंदकाकांनी विचारलं, "काय नरहरराव, राहून गेलं ना तुमचं त्या दिवशी? लाईटनी घोटाळा केला!" हे गोविंदकाका नवरदेवाच्या आकारावर इतके हसले होते की त्यांची कवळी हलली होती. सुहासिनीताई भाजी घेताना म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी घेऊ या हं तुमचं निंबवेल. फार उत्सुकता आहे." बाबा प्रत्येकाला म्हणाले, "बघू." आठवड्याभरात ते सगळे इतक्या सहजपणे बोलायला लागले की मलाच शंका यायला लागली. मी बाबांना विचारलं, खरंच गेले होते का लाईट? ते म्हणाले, "लिहिलंय तसं."

फेगडे अण्णांना मात्र कुणी काही समजावलं नव्हतं. ते संध्याकाळी फिरायला निघायचे आणि रस्त्याच्या पलीकडून हात वर करून ओरडायचे, "काय पाहुणे! भाषण फक्कड झालं बरं का!" भाषण झालं असं म्हणणारा टाउनशिपमध्ये तेवढा एकच माणूस, आणि हाक मारायचा ती 'पाहुणे' अशी. बाबांनी फिरायची वेळ बदलली. महिना संपला, अण्णा निंबवेलला परत गेले, तरी बाबांनी ती परत बदलली नाही.

घाटावरच्या दोन खोल्यांसाठी मालकाचं पत्र आलं होतं : येताय का, नाही तर दुसऱ्याला देतो. बाबांनी उत्तर लिहिलं, दुसऱ्याला द्या. मी म्हटलं, "अहो बाबा, पण तुम्हाला राहायचंच आहे ना तिथं? राहा की. कोण अडवतंय?"

"कुणीच नाही," ते म्हणाले. "पाहुणा म्हणून किती दिवस राहायचं, केशव? आधी मला कुणी विचारलं नव्हतं, तोवर चालत होतं."

ऑक्टोबरात निवृत्तीचे कागद आले. त्यात एक कॉलम : 'निवृत्तीनंतर स्थायिक होण्याचे ठिकाण'. तिथवरचं शेवटचं भाडं कंपनी देते. बाबांनी सगळं भरलं आणि तिथं पेन टेकवून बसले. तीन दिवस. बिवलकरकाका संध्याकाळी येऊन गेले. "निंबवेल टाका आणि मोकळे व्हा. सर्व्हिस बुकात आहेच ते."

"तेव्हा माहीत नव्हतं म्हणून लिहिलं. आता माहीत आहे."

"मग बाग सेवनिया टाका! भोपाळ टाका!"

"भोपाळ चालतं?"

"नाही," बिवलकरकाका ओशाळून म्हणाले. "नोकरीचं ठिकाण गाव धरत नाहीत. परिपत्रक आहे."

ते गेल्यावर बाबा बाहेर ओट्यावर बसले. समोरच्या ओळीत सगळी क्वार्टर्स सारखी, सगळ्यांना तोच पिवळा रंग, तीच जाळी. एकोणतीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाले, "होम टाउन नोकरीत एकदा बदलून मिळतं. नियम आहे. मी एकदाही बदललेलं नाही. अर्ज लिही."

"कुठलं लिहू?"

"तेच विचारायचंय त्यांना."

मी इंग्रजीत लिहिला, कारण ऑफिसला तसाच लागतो. बाबा मराठीत सांगत होते, ते असं :

प्रति, माननीय वरिष्ठ प्रबंधक, पर्सोनेल विभाग. विषय : होम टाउन बदलून मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराने रुजू होताना नमूद केलेले गाव अर्जदाराचे नसल्याचे आढळून आले आहे. सदर गावाची याबाबत काही तक्रार नाही. अर्जदार नोकरीपूर्वी कोणत्याही गावी तीन वर्षांपेक्षा अधिक राहिलेला नाही. क्वार्टर क्रमांक ४१७ मध्ये एकोणतीस वर्षे राहिला आहे, अर्जदाराची पत्नी तेथेच वारली आहे. परंतु क्वार्टर हे गाव धरता येत नाही याची अर्जदारास कल्पना आहे. कॉलम रिक्त ठेवता येत नसल्याने विनंती करण्यात येते की, कार्यालयाकडे उपलब्ध असलेल्या गावांपैकी कोणतेही एक, नदीकाठचे असल्यास उत्तम, अर्जदाराच्या नावे दिनांक ३० नोव्हेंबरपूर्वी मंजूर करण्यात यावे; आणि तेथे गेल्यावर 'कुणाचे तुम्ही' अशी विचारणा झाल्यास अर्जदाराने काय उत्तर द्यावे, ते मंजुरीपत्रात स्पष्टपणे नमूद करण्यात यावे.